नव्वद अँपियरचा आल्टरनेटर आणि हवालदार देवजी

तलासरीची पोस्टिंग मला कुणी दिली नाही. मूव्हमेंट ऑर्डर नव्हती, रेल्वे वॉरंट नव्हतं. पेन्शनवर आलो, नांदेड जिल्ह्यातल्या माझ्या गावी तीन महिने राहिलो. झोप लागेना. एक दिवस बॅग उचलली आणि डहाणू रोडला उतरलो. हवालदार देवजीचं गाव गंजाड. त्याच्या पार्थिवासोबत एस्कॉर्ट म्हणून मी एकदाच इथे आलो होतो. या वेळी त्याच्या आईवडिलांना भेटून दोन दिवसांत परतायचं होतं. चार वर्षं झाली.

त्या दोन म्हाताऱ्यांनी मला परकं मानलं नाही. माझं पोट त्यांच्या भाकरीवर भरलं आणि पुढे तलासरीच्या एका संस्थेत गाडीचं कामही त्यांच्याच ओळखीने मिळालं. याची परतफेड होत नाही, हे मला ठाऊक आहे.

बोर्डीचे एक शिक्षक मागे लागले, फौजेतलं काही लिहा. मी दहावीनंतर शाळा सोडली. आयुष्यभर गाड्यांच्या दुरुस्तीची जॉब कार्डं लिहिली. काय केलं आणि किती वाजता, एवढंच मला लिहिता येतं. "लढाईचं लिहा," ते म्हणाले. मी लढाई पाहिली नाही. मी गाड्या पाहिल्या.

वर्कशॉपमध्ये मी व्हेइकल मेकॅनिक, देवजी माझा उस्ताद. त्याचा एक नियम होता. काम करणाऱ्याने गाडी पास करायची नाही. दुसऱ्या माणसाने येऊन प्रत्येक नटाला हात लावायचा, मग सही. नवीन असताना मी एकदा फॅनबेल्ट बदलला आणि रिपोर्ट दिला.

"ओके, उस्ताद."

"कोणी बघितलं?"

"मीच."

"भटजी पण तूच, नवरा पण तूच. काढ तो बेल्ट."

काढला. परत बसवला. सकाळचे सव्वासात, तापमान उणे नऊ. बोटं सुन्न झाली होती. देवजीने स्वतः बेल्टवर अंगठा दाबून पाहिला, सही केली आणि मग स्वतःच्या मगातला चहा मला दिला.

संस्थेची गाडी म्हणजे जुनी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह जीप. पाड्यांवर दवाखाना घेऊन जायची. तिच्यासाठी मी जॉब कार्डं सुरू केली. दोन रकाने : काम करणारा, तपासणारा. पण मेकॅनिक मी एकटाच. पहिल्या महिन्यात दोन्ही रकान्यांत स्वतःची सही करताना लाज वाटली. नंतर सवय झाली.

यंदा संस्थेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळाला. हे यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने पेशंटला देतं, पण त्याला वीज लागते. जीपमध्ये इन्व्हर्टर बसवला आणि चालवून पाहिला. इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो तो आल्टरनेटर; जीपचा मूळचा पस्तीस अँपियरचा. कॉन्सन्ट्रेटर एकटाच तेवढं खात होता. वर हेडलाइट, पंखा, वायपर. पाऊण तासात बॅटरी बसली. पाड्यावरून दवाखाना एकेक तास लांब. मी सिस्टरना सांगितलं, मोठा आल्टरनेटर लागेल.

सिस्टर म्हणजे मनीषा सिस्टर. वडील रेल्वेत होते, जन्म डहाणूचा, बोलणं फटकळ. त्यांनी दोन दिवसांत मंजुरी आणली. मी वापीला गेलो. दुकानदार जिग्नेशभाईने नव्वद अँपियरचा आल्टरनेटर काउंटरवर ठेवला.

"फौजी, हा घेऊन जा. पण जुनी चार्जिंग वायर ठेवायची नाय हां. ती डॅशबोर्डच्या मीटरमधून फिरून येते. पस्तीसवाली आहे. बळी जशे, जळून जाईल."

"जाडी केबल द्या मग."

"शुक्रवारी. आज स्टॉकमां नथी."

बुधवारी सकाळी फिटिंगला बसलो. ब्रॅकेट जुळेना. ते कापून वेल्डिंग करून घेतलं. पुली इंजिनच्या रेषेत आणायला तीन वॉशर टाकावे लागले. साडेअकराला इंजिन चालू केलं. बॅटरीवर चौदा पॉइंट दोन व्होल्ट. कॉन्सन्ट्रेटर दहा मिनिटं चालवला, दम टिकला. मग चार्जिंग वायरला हात लावला. कोमट होती. उभ्या गाडीत दहा मिनिटांत कोमट, म्हणजे पुढे काय, हे मला कळत होतं.

कार्डावर लिहिलं : आल्टरनेटर बदली केला. ओके. दोन सह्या. केबल बाकी आहे, हे लिहिलं नाही. केबल दोन दिवसांत येणार होती. गाडी उभी राहिलेली मला बघवत नाही.

गुरुवारी बारा चाळीसला गंजाडहून फोन आला. देवजीच्या वडिलांचा दम वाढला होता. त्यांना आम्ही बाबा म्हणतो, देवजीच्या आईला आई. फुप्फुसं जुनी, बिडीने खाल्लेली. सिस्टरनी कार्ड उलटून पाहिलं, ओके वाचलं आणि यंत्र उचललं. मी तेव्हाही बोलायला हवं होतं. तोंडातून शब्द निघाला तो "तयार".

एक पस्तीसला पाड्यावर पोचलो. बाबा ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मीटर ब्याऐंशी दाखवत होतं. सिस्टर म्हणाल्या, नव्वदच्या वर हवं. गाडी ओट्यापर्यंत जात नव्हती. जीपमधून वायर ओढून यंत्र तिथेच चालू केलं. इंजिनचा धूर बाबांकडे जाऊ नये म्हणून दहा मिनिटं इंजिन बंद, सगळा भार बॅटरीवर. आकडा नव्वदवर आल्यावर बाबांना उचलून मागे झोपवलं, आई त्यांच्या उशाशी बसली. एक पन्नासला निघालो.

आता नवा आल्टरनेटर एकाच वेळी यंत्र चालवत होता आणि अर्धी रिकामी झालेली बॅटरी भरत होता. तो आपलं काम चोख करत होता. डॅशबोर्डवरचा काटा शेवटच्या रेघेला जाऊन चिकटला.

सरावली काही किलोमीटरवर असताना मागून बाबांचा आवाज आला.

"फौजी, मला बंद केली आणि तू ओढतोस का?"

"काय, बाबा?"

"बिडी. वास येतो."

मग धूर दिसला. डॅशबोर्डच्या खालून, पातळ, निळा. दोन वाजून सात मिनिटं. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार उपटली. धूर थांबला. यंत्रही थांबलं.

"काय झालं?" सिस्टर.

"चार्जिंग वायर जळली."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"खरं सांगा."

"सात."

"आई, त्यांना उठवून बसवा. पुढे झुकवा. बाबा, ओठ बारीक करून फुंका, चूल फुंकता तसं. आकडा नव्वद."

डॅशबोर्डच्या खाली हात घातला. मीटर तव्यासारखं तापलं होतं. ते वगळायला त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायर सोडवल्या आणि एका नटबोल्टने एकत्र कसून टेप गुंडाळली. तळहाताची कातडी मीटरला चिकटली ते नंतर कळलं.

"सत्त्याऐंशी."

जुनी वायर आल्टरनेटरवरून काढली. आता आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाडी तार हवी होती. सीटखाली जम्पर केबल होती, बंद पडलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची ती. करंगळीएवढी जाड. तिची लाल तार घेतली. एक चिमटा आल्टरनेटरला, एक बॅटरीला.

"ब्याऐंशी. फौजी, बोला."

"अर्धं झालं."

चिमटा आल्टरनेटरवर हलत होता. गाडीच्या धक्क्याने निसटला आणि लोखंडाला लागला तर खरीच आग. बांधायला काही सापडेना. आईने न विचारता डोक्याचा रुमाल सोडून पुढे केला. तो चिंधी करून आवळला.

"एकोणऐंशी. शहात्तर." मग खालच्या आवाजात, "लवकर."

दोन चौदा. निगेटिव्ह तार जोडली, चावी फिरवली. इंजिन लागलं. यंत्राने शिट्टी दिली आणि घरघर सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, पंचवीसच्या वर न जाता गाडी नेली. सिस्टर आकडे सांगत राहिल्या. सरावलीला शहाऐंशी. दोन एकतीसला डहाणूच्या दवाखान्याच्या दारात, नव्वद.

बाबांना आत घेतल्यावर सिस्टर कार्ड घेऊन व्हरांड्यात आल्या.

"हा तपासणारा कोण हो? अक्षर तर तुमचंच."

"मीच."

"वायर बदलायची राहिली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"हे इथे लिहिलं असतं तर मी दुसरी गाडी बोलावली असती. तुमच्या ओकेवर मी माणूस मागे झोपवला. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. आहे ते लिहा."

त्यांनी माझ्या तळहाताला मलम लावलं, जरा जोरातच. तेव्हापासून तपासणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही असते. त्यांना गाडीतलं कळत नाही. प्रत्येक नट दाखवून, तो काय करतो ते सांगावं लागतं. सांगता सांगता मलाच चुका सापडतात. जाडी केबल शनिवारी बसवली, फ्यूजसकट, त्यांच्या देखत.

पण गुरुवारी अजून एक काम व्हायचं होतं. साडेपाचला आई चहा आणायला गेली. बाबा उशीला टेकून बसले होते, नाकात नळी.

"घाबरला होतास ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"देवजी घाबरला होता का? शेवटी?"

पार्थिव घेऊन आलो होतो तेव्हा त्यांच्या ओट्यावर उभं राहून मी सांगितलं होतं की देवजी जागेवरच गेला, त्रास झाला नाही. सगळे असंच सांगतात. चार वर्षं त्यांच्या घरी जेवताना ते वाक्य आठवायचं. उठून निघून जावं असं रोज वाटायचं, आणि जाववत नव्हतं.

"बाबा, मी तेव्हा खरं सांगितलं नाही," म्हणालो. आणि जसं झालं तसं सांगितलं. बर्फाळ रस्त्यावर एक ट्रक अडकला होता. आम्ही सहा जण रिकव्हरी व्हेइकल घेऊन गेलो. सकाळी अकरा वीसला वरून दगड आले. देवजी कमरेपर्यंत दगडांखाली सापडला. ढग होते, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. दगड काढायला वेळ लागला. तो बारा पाचपर्यंत होता. पंचेचाळीस मिनिटं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"बोलला काही?"

"आधी विचारलं, बाकीचे निघाले का. निघाले, म्हटलं. मग तुमच्या वारलीत बोलायला लागला. मला तेव्हा ती बोली येत नव्हती, त्याचे शब्दही तुटत होते. पण तो पुन्हा पुन्हा तेच बोलत होता, म्हणून आवाज लक्षात राहिले. इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात आई चुलीपाशी बसून तुम्हाला तेच म्हणाली. तेव्हा कळलं."

"काय म्हणाली?"

"थंडी वाजते. दार लाव."

बाबांनी मान खिडकीकडे वळवली.

"त्या दाराला खाली फट आहे," ते म्हणाले. "कोंबड्यांसाठी मीच ठेवली. त्याचं अंथरूण तिथेच असायचं. रोज ओरडायचा." श्वास घ्यायला थांबले. "तू काय म्हणालास त्याला?"

"काही कळत नव्हतं, बाबा. प्रत्येक वेळी नुसतं 'हो उस्ताद' म्हणालो."

बाबांनी मान हलवली. माझा पट्टी बांधलेला हात ओढून स्वतःच्या चादरीवर ठेवला.

"मग त्याला वाटलं असेल," ते म्हणाले, "लावलं दार."