ओटमारच्या तळघरातली फुसफुस

ओटमारचा माझ्यावर संशय आहे, यात नवीन काही नाही. त्याचा कुणावर नाही? अंडी घेतली तर एकेक उजेडात धरून बघेल. पाद्रीबाबांनी प्रवचन लवकर आटोपलं, तर यांना कुठे जायची एवढी घाई, म्हणून त्यांच्या मागे मान लांब करेल. त्याचं घर आणि माझं घर एका भिंतीचं, तळघरंही शेजारीशेजारी, त्यामुळे पहिला नंबर कायम माझा. "बुर्गी, काल माझ्या अंगणात कोण खोकलं?" अरे बाबा, मीच खोकले, आणि माझ्याच अंगणात!

पण गेल्या वर्षी त्याने मला चोर म्हटलं, तेही भर भट्टीत, सगळ्यांसमोर.

आमच्या गावात बिअर सामायिक भट्टीत शिजते. ज्याची पाळी असेल तो तिथे मोड आलेल्या जवाचा रस कढवतो, घरी नेतो आणि आपल्या तळघरात आंबवतो. तयार झाली की दारावर काठीला सहा टोकांचा तारा टांगतो, की गाव त्याच्या घरी प्यायला हजर. हा तारा टांगायचा हक्क घराचा असतो आणि ओटमारच्या घराला तो पणजोबापासून आहे. बव्हेरियाच्या या कोपऱ्यात माणूस शेत विकेल, पण तारा सोडणार नाही. त्याची बायको हेडविग होती तोवर त्याच्या बिअरला तोड नव्हती. शेवटच्या घोटापर्यंत जिवंत. हेडविग गेली आणि लागोपाठ दोन पाळ्यांना बिअर मेलेली निघाली, ना फेस ना बुडबुडा, नुसतं कडवट पाणी. दुसऱ्या वेळी तर लोकांनी अर्धे मग टेबलावर तसेच ठेवले आणि काही न बोलता टोप्या उचलल्या. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

भट्टीचा कारभार एमेराम बघतो. तो म्हणाला, "ओटमार, चर्चच्या जत्रेची पाळी तुझी आहे. याही वेळी असंच झालं तर तारा दुसऱ्या घरी जाईल. लोक आता माझं ऐकायचे नाहीत."

"लोक कशाला, चोर म्हण की," ओटमार म्हणाला. "माझ्या पिंपांतला वायू कुणीतरी सोडतंय. भिंतीपलीकडून येणं काय अवघड आहे?" आणि बघितलं माझ्याकडे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझा वायू चोरून मी काय करू रे? त्यानं माझा पाव फुगणार आहे? स्वतःला भरता येत नाही म्हण ना! पिंपं भरशील त्या दिवशी मी समोर उभी राहते. बघतेच, कुठे जातो तुझा वायू ते."

त्याला ते पटलं. चोर डोळ्यांसमोर असलेला बरा, असा हिशेब असणार.

मीही या कामात कच्ची नाही, माझ्या बापाचीही पाळी असायची. काहीतरी खोट काढायचीच, असं ठरवून गेले होते. पण कुठे बोट ठेवायला जागा मिळेल तर शपथ. आंबलेल्या बिअरची टाकी आणि रिकामी पिंपं त्यानं आदल्या दिवसापासून सारखीच गार करून ठेवली होती, कारण कोमट पिंपात बिअर पडली की उसळते आणि फेसाबरोबर तिचा जीव जातो. पिंपांत आधी सिलिंडरमधून वायू भरला, टाकीचा आणि पिंपाचा दाबाचा काटा एका आकड्यावर येईपर्यंत. मग एक नळी टाकीच्या तळातून पिंपाच्या तळाशी, आणि दुसरी पिंपाच्या डोक्यातून टाकीच्या डोक्याला. टाकी उंचावर, पिंप खाली. बिअर आपल्या वजनानं उतरते आणि जेवढी उतरते तेवढाच वायू वर परत जातो. ओटमारनं चावी केसभर उघडली आणि तिच्यावरचा हात काढला नाही. पारदर्शक नळी होती, त्यात मला एक बुडबुडा दिसला नाही. शेवटी त्यानं मला मगभर चाखायला दिली. जिभेला चावली अगदी.

मग मात्र मलाच संशय यायला लागला. भरताना जात नाही, तर नंतर जातो. आणि नंतर जातो, तर कुणीतरी घालवतंय. एमेरामच्या जावयाच्या घराला तारा नाही, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं. एमेराम तारा काढून घ्यायला एवढा उतावळा का, तेही लक्षात आलं. ओटमारला इतकी वर्षं हसले, पण संशय खोकल्यासारखा असतो, शेजाऱ्याचा आपल्याला लागतो.

बटाटे सोलायच्या निमित्ताने मी माझ्या तळघरात बसायला लागले, कान भिंतीला. संध्याकाळची घंटा झाली आणि पलीकडून आवाज आला. फुस्स. जरा थांबून पुन्हा फुस्स. मग तिसऱ्यांदा. सापडला जावई! बटाट्याची सुरी हातात तशीच घेऊन मी अंगणातून धावले आणि ओटमारच्या तळघराच्या पायऱ्या उतरले.

खाली ओटमार बसला होता. एका पिंपाला कान लावलेला आणि झाकणावरच्या झडपेच्या कडीत बोट अडकवलेलं.

"हे काय चाललंय?"

"आहे का ते बघतोय."

"काय आहे का?"

"वायू. कुणी काढून नेला नाही ना."

"रोज बघतोस?"

"सकाळी पण. एवढ्याशा फुसकुलीनं काय होतंय?"

"अरे गाढवा! सकाळ-संध्याकाळ एवढंएवढं सोडलंस तर जत्रेपर्यंत राहील काय? तूच तो चोर!"

तो भडकला नाही. विचार करून म्हणाला, "खोटं. हेडविग रोज बघायचीच की. संध्याकाळी मी तिला खाली पाठवायचो, ती वर येऊन सांगायची, आहे, सगळं आहे. तिच्या वेळी का नाही मेली?"

मी पायरीवरच बसले. का नाही मेली ते मला ठाऊक होतं. हेडविग खाली यायची, अंगणाकडच्या झरोक्यातून माझ्याशी चार गोष्टी बोलायची, मुळा खायची आणि वर जायची. कडीला तिनं कधी हात लावला नाही. "उघडलं की जातं, बुर्गी," ती म्हणायची, "आणि बघितलं नाही तर त्याला झोप नाही. मग मी आपलं सांगते." साऱ्या जगात ओटमारचा एकाच माणसावर संशय नव्हता, तो हेडविगवर. आता तो विश्वासही मी काढून घेऊ? तिचा हात हलका होता, असं सांगायचं माझ्या जिभेवर आलंही. पण मग हा आणखी हलक्या हातानं कडी ओढत बसला असता आणि तारा गेला असता.

सांगितलं सगळं.

"कधीच नाही बघितलं?"

"कधीच नाही."

त्यानं कडीतून बोट काढलं. दिवा मालवला, दाराला कडी घातली आणि माझ्याकडे न बघता घरात गेला. त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज आला नाही. पिंपं भरून फार दिवस झाले नव्हते, हे नशीब.

जत्रेला बिअर अशी निघाली की एमेरामची मिशी फेसानं पांढरी झाली. त्यानं दुसरा मग मागितला, मग तिसरा, आणि जावयाला म्हणाला, "पी, पी, पुन्हा अशी मिळायची नाही." मला जरा लाजच वाटली. तारा जागचा हलला नाही. लोक ओटमारची पाठ थोपटत होते, पण हा आपला मग भरतोय, पैसे घेतोय, तोंडावर आनंदाचा लवलेश नाही.

गर्दी ओसरल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. असा तो कधी बसलेला नाही.

"बुर्गी, दवाखान्यात तू तिच्यापाशी असायचीस."

"असायचे."

"मी रोज विचारायचो, दुखतंय का. नाही म्हणायची." त्यानं टेबलावरचा मग बाजूला सारला. "तेही असंच सांगायची का?"

शेवटी शेवटी हेडविग माझं मनगट धरून ठेवायची, इतकं घट्ट की वळ उठायचे. तो यायच्या वेळेला सोडायची, केस नीट करायची.

"नाही रे," मी म्हणाले. "खरंच दुखत नव्हतं."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आता हा उजेडात धरून बघणार, असं मला वाटलं.

"बरं," तो म्हणाला. पुन्हा विचारलं नाही.