कप विसळायची पाळी

आमच्या ताईसमोर तुम्ही खुशाल कचकचीत शिवी द्या, ती हसून सोडून देईल. पण ‘ॲनिमे’ म्हणालात की संपलं. अंगाचा नुसता तिळपापड. ते जपानी कार्टून असतं ना, भलेमोठे डोळे आणि निळे-गुलाबी केस असलेलं, ते. आता कार्टूनने हिचं काय घोडं मारलंय असं कुणालाही वाटेल. मला वाटायचं नाही, कारण मी तिची सख्खी धाकटी बहीण आहे आणि सगळं पहिल्यापासून बघितलंय.

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर मेणात दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा घासकागद हातात घ्यायचा तो बाहुल्यांसाठी. “अगं, जरा टेक की,” असं आई जन्मभर ओरडली. ही टेकते कसली!

बाहुल्या म्हणजे दुकानात पारदर्शक खोक्यात उभ्या असतात त्या नव्हेत. या हातभर उंच, रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या कडक प्लास्टिकच्या. कोपर, गुडघा, मनगट, जिथे सांधा तिथे एक गोळा, आणि आतून डोक्यापासून पायापर्यंत ओवलेलं जाड इलॅस्टिक. त्यामुळे ती मान कलती करते, पाय दुमडून बसते, हनुवटीला हात लावून तुमच्याकडे बघत राहते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा चक्क दचकले होते. पण घरात येते ती टकली, कोऱ्या चेहऱ्याची, डोळ्यांच्या जागी भोकं. डोळे तुम्ही बसवायचे, केसांचा टोप तुम्ही शोधायचा, आणि चेहरा रंगवायचा तोही तुम्हीच. म्हणून एकाच साच्यातल्या दोघी शेजारी ठेवल्या तरी लांबच्या नात्यातल्याही वाटत नाहीत.

ताईची सगळ्यात पहिली बाहुली ठकी. हे नाव मी ठेवलं, चिडवायला. तेच चिकटलं. आणि ठकीचा चेहरा रंगवला होता चिंगीने.

चिंगी आमच्या शेजारची, ताईच्या वर्गातली. आमच्या घरी टीव्ही नव्हता, त्यांच्याकडे होता. शाळा सुटली की दप्तरं दारात टाकून या दोघी पळत सुटायच्या, आणि मी रडत मागे. तेव्हा एक मालिका लागायची. दीपगृहात आजोबांबरोबर राहणारी एक मुलगी, आणि तिचे वडील बोटीवर गेलेले, परत न आलेले. रोज ती वरच्या खिडकीत दिवा घेऊन उभी राहायची आणि रोज या दोघी डोळे पुसायच्या. मला तिच्यापेक्षा तिची बकरी जास्त आवडायची, म्हणून त्या मला हाकलून द्यायच्या. त्या मुलीच्या डोळ्यांखाली तीन पापण्या होत्या, दोन लांब आणि मधली आखूड. चिंगी बॉलपेनने अगदी तशाच ताईच्या डोळ्यांखाली काढायची, मग आरशात बघून स्वतःच्या. मी फारच भोकाड पसरलं की माझ्याही काढायची. तिचं पेन इतकं हलकं फिरायचं की गुदगुल्यासुद्धा व्हायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत तिघींनाही वर्गाबाहेर उभं केलं. काय ते दिवस होते! साबणाने घासघासून डोळे लाल झाले, पण संध्याकाळी पुन्हा तेच.

शेवटच्या भागाच्या दिवशी चिंगीकडचा टीव्ही बंद पडला. खरंच. चिंगीच्या वडिलांनी त्याच्या डोक्यावर थापट्या मारल्या, वायर हलवली, पण ढिम्म. दोघी जिन्यात बसून हमसून हमसून रडल्या आणि मग शेवट काय झाला असेल यावरून भांडल्या. चिंगीचं म्हणणं, वडील येतात आणि ती त्यांच्याबरोबर बोटीने जाते. ताईचं म्हणणं, वडील येतात पण ती आजोबांना सोडून जात नाही. हे भांडण त्यांनी आयुष्यभर पुरवलं. चिंगी पुढे नर्स झाली, ताई कवळ्यांत गुंतली, पण भेटल्या की कुठूनतरी गाडी दीपगृहावर यायचीच.

ठकी आली तेव्हा ताईने तिला सरळ चिंगीच्या मांडीवर ठेवलं. “तूच कर. माझा हात हिरड्यांना ठीक आहे, डोळ्यांना नाही.” चिंगीने सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसून रंगवली. आधी पेस्टलची पूड गालांवर, मग भुवयांचा एकेक केस, आणि शेवटी डोळ्यांखाली तीन पापण्या. दोन लांब, मधली आखूड. मी लगेच ओळखल्या. त्या दोघी फिदीफिदी हसत बसल्या.

मग या दोघींनी आपल्यासारखी वेडी माणसं शोधून काढली आणि मंडळ जमलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत बैठक. शिंपीकाका आयुष्यभर मोठ्या माणसांचे कोट शिवून कंटाळले आणि बाहुल्यांचे शिवायला लागले. “गिऱ्हाईक हलत नाही, वाद घालत नाही, वजन वाढवत नाही,” असं म्हणतात. तिथे शिरताना अंगठ्या-घड्याळं काढायची, हात धुवायचे, आणि दुसऱ्याच्या बाहुलीच्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही. चहा लांबच्या टेबलावर.

सगळं छान चाललं होतं आणि चिंगी आजारी पडली. औषधांनी केस गेले, डोक्याला रुमाल आला, तरी रविवार चुकवायची नाही. अशाच एका रविवारी वर्तमानपत्रातून कुणीतरी आलं, फोटो काढले, गोड बोललं. आठवड्याने छापून आलं: ‘कार्टूनच्या जगात हरवलेल्या बायका’. खाली ठकीला घेतलेल्या चिंगीचा फोटो, आणि लिहिलं होतं की ॲनिमेच्या नादाने या प्रौढ स्त्रिया अजून भातुकलीतून बाहेर आलेल्या नाहीत. लॅबमध्ये कुणीतरी ते कात्रण भिंतीवर चिकटवलं. ताईला कितीतरी दिवस ‘कार्टूनताई’ म्हणत होते, मेले.

चिंगीला तोवर दवाखान्यात ठेवलं होतं. ताई तणतणत तिथे गेली, मीही बरोबर होते. चिंगीने सगळं ऐकून घेतलं आणि उशीवर पडल्या पडल्या हसली. “अगं, पण त्यात खोटं काय आहे? आपण तिथूनच तर आलो.” मग म्हणाली, “आता तो शेवटचा भाग मिळतो म्हणे मोबाइलवर. मी बरी झाले की दोघी मिळून बघू. हरशील बघ तू.”

ती बरी झाली नाही. तो वर्तमानपत्रातला फोटो तिचा शेवटचा ठरला.

त्यानंतर ताईने तो शब्दच बंद केला. बैठकीत कुणी काढला की ही लालबुंद. “आमच्या बाहुल्यांचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही! ही मूर्तिकला आहे!” शिंपीकाकांचंही तेच मत होतं, पण त्यांना भांडणं नको होती. म्हणून त्यांनी नियम काढला: जो तो शब्द उच्चारेल, त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. लोक ताईला शिष्ट समजायचे. शिष्ट कसली, डोंबल! तिला तो शब्द ऐकला की दवाखाना आठवायचा, आणि तो राहून गेलेला भाग. हे मला कळत होतं, पण तिला सांगणार कोण?

मग नखवाली आली. पार्लरमध्ये नखं रंगवते, अंगठ्याच्या नखावर अख्खी बाग काढते. तिच्या बाहुल्याचे केस निळे, हातात तलवार. पहिल्याच दिवशी तिने ओळख करून देता देता तो शब्द इतक्यांदा काढला की शिंपीकाकांनी कपाळाला हात लावला. नियम सांगितला तर म्हणाली, “बरं, साबण कुठे आहे?” आणि कप घासायला लागली. पुढच्या बैठकीला पुन्हा तेच. “मावशी, आम्ही सगळे तिथूनच आलोय हो. लपवायचं कशाला?” असं ती तोंडावर म्हणायची आणि हसत हसत मोरीकडे जायची. ताई तिच्याशी बोलायचीच नाही. पण तिने विसळलेले कप चकचकीत असतात, एवढं मात्र एकदा माझ्याजवळ कबूल केलं.

चिंगीला जाऊन दहा वर्षं झाली त्या महिन्यात ताईच्या मनात आलं की ठकीला बैठकीला न्यायचं. ठकी आता कपाटाबाहेर फारशी यायची नाही. रेझिन जरा पिवळं पडलेलं, ओठांवरचा थर सुटायला लागलेला. म्हणून हिने आदल्या दिवशी चेहऱ्यावर सीलरचा, रंग पक्का धरून ठेवतो त्याचा, नवा फवारा मारला. आणि त्या दिवशी आभाळ भरलेलं, हवेत ही ओल! ओल्या हवेत फवारा मारायचा नाही, हे मंडळात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हीच दटावून सांगते. स्वतःवर वेळ आली आणि अक्कल गहाण ठेवली.

मला फोन आला. “ठकी आंधळी झाली गं.”

गेले तर बाईसाहेब जमिनीवर बसलेल्या आणि मांडीवर ठकी. चेहरा सगळा पांढुरका, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा. त्यात हिने घाबरून थिनरचा कापूस डोळ्यांखालून फिरवला होता आणि तिथल्या पापण्या साफ पुसल्या गेल्या होत्या. मी ओरडणार होते. पण तिचे हात बघितले आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. कवळीत एक दात केसभर वाकडा बसू न देणाऱ्या त्या हातांनी तिने तो कापूस अजून मुठीत आवळून धरला होता. “चिंगीचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे,” ती म्हणाली आणि रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली.

रविवारी ऊन कडक पडलं. मी तिला जवळजवळ ओढतच बैठकीला नेलं. ठकीला बघून सगळे भोवती गोळा झाले. शिंपीकाका हळूच म्हणाले, “पूर्ण पुसून नव्याने रंगवावी लागेल.” ताईने ठकीला असं काही छातीशी धरलं की ते दोन पावलं मागे सरकले.

“पुसायची नाही,” नखवाली म्हणाली. “मावशी, माझ्याकडे द्या. विश्वास ठेवा की जरा.”

ताईने दिली. कशी दिली ते तिचं तिलाच माहीत. नखवाली ठकीला गच्चीत उन्हात घेऊन गेली आणि तिने लांबून, अगदी पातळ, एकच फवारा मारला. कोरड्या हवेतला नवा थर आधीचा धुरकटपणा विरघळवतो म्हणे. हळूहळू कपाळ साफ झालं, मग भुवया, एकेक केस पूर्वीसारखा. गालांवरची लाली आली. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर काळानिळा पडला. राहिल्या त्या फक्त डोळ्यांखालच्या पापण्या.

खाली खोलीत येऊन नखवालीने बारीक ब्रश काढला. ताईने मोबाइलवरचे जुने फोटो दाखवले, चिंगीने रंगवली होती एवढं सांगितलं. तिने ते मोठे करून करून बघितले आणि मान हलवली. “जागा कळतेय. पण रेघ कुठून सुरू झालीय, कुठे दाबलीय, ते कळत नाही. मनाने काढली तर पापण्या माझ्या होतील, त्यांच्या नाही राहणार. मावशी, अशा पापण्या कुणी मनाने काढत नाही. त्यांनी कशात तरी बघून काढल्यात. कशात, ते माहीत आहे तुम्हाला?”

मी जीभ आवरली. माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते माझं नव्हतं, ताईचं होतं. ती ठकीकडे बघत राहिली. शिंपीकाका उगाच इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले.

“ॲनिमे,” ताई म्हणाली. आधी पुटपुटली, मग मान वर करून स्वच्छ म्हणाली, “ॲनिमे होतं ते. दीपगृहातली मुलगी. आम्ही शाळेतून आलो की बघायचो, मी आणि चिंगी. तिथूनच आलोय आम्ही.”

नखवाली जराही हसली नाही, म्हणून मला ती कायमची आवडली. तिने मोबाइलवर दोन बोटं फिरवली आणि समोर धरला. खिडकीत दिवा घेतलेली ती मुलगी, तीच, तशीच. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ लहान. ताईने मोबाइल दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ परत दिलाच नाही. मग नखवालीने ब्रश टेकवला. लांब, आखूड, लांब. दुसऱ्या डोळ्याखाली तसंच. माझा हात आपोआप माझ्या डोळ्याखाली गेला.

ठकी आमच्याकडे बघत होती. पूर्वीसारखीच.

कुणी काही बोलायच्या आत ताई उठली आणि टेबलावरचे कप गोळा करायला लागली. “अहो ताई, आज राहू द्या,” शिंपीकाका म्हणाले.

“का म्हणून? नियम म्हणजे नियम.”

मोरीत पाणी वाजायला लागलं. आमच्याकडे तिची पाठ होती. बराच वेळ ती एकच कप विसळत होती. मग नळाच्या आवाजातूनच तिने मोठ्याने विचारलं, “काय गं ए, ती शेवटी वडिलांबरोबर जाते, की आजोबांकडेच राहते?”

नखवाली चकित झाली. “म्हणजे? तुम्ही शेवटचा भाग बघितलाच नाहीत?”

“टीव्ही बंद पडला होता.”

“आहे की माझ्याकडे! लावू आत्ता?”

ताईने नळ बंद केला. पदराने तोंड पुसलं, पण मागे वळली नाही.

“थांब, एवढे कप होऊ देत,” ती म्हणाली. “आणि ठकीला जरा पुढे सरकवून बसव. तिला नीट दिसलं पाहिजे.”