ओली भिंत, कोरडी माती

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, तेव्हा आता कोणी माझी केली तर तक्रार नाही. बांधकाम खात्यात कारकुनी केलेला माणूस मी... भिंत ओली दिसली की कुठेतरी पाइप फुटलाय, एवढंच मला कळतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची चिनू अडीच वर्षांची, आणि तिला दमा. इतवारीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीला बारमाही ओल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कोरडं घर बघा, नाहीतर पोर हाती लागणार नाही. म्हणून नंदनवनच्या एका नव्या लेआउटमध्ये नुकतंच बांधून झालेलं दोन खोल्यांचं घर घेतलं. नवं घर घेताना बघायचं ते सगळं बघितलं. कागद वकिलाला दाखवले. भर पावसात दोनदा जाऊन भिंतींना गाल लावून पाहिला! गणपत मिस्त्री, ज्यांनी ते घर बांधलं, ते माझ्याकडे बघून हसायचे. घर खडखडीत कोरडं होतं. वास्तुशांत केली, राहायला गेलो, आणि हिवाळाभर चिनूला एकदाही धाप लागली नाही.

मे महिन्यात तिला साधा ताप आला. मागच्या खोलीत झोपवली होती. दुपारी चारच्या सुमारास बाहेरून आवाज आला — छपाक्... थोडं थांबून पुन्हा छपाक्. कोणी डब्याने भिंतीवर पाणी मारावं तसा. मी चरफडत बाहेर गेलो. कोणी नाही. भिंत मात्र हात पोचेल तिथपर्यंत ओलीचिंब, आणि खालची माती कोरडी ठणठणीत.

हे रोज होऊ लागलं. चार दिवसांत ओल आत उतरली, डिस्टेंपरला फोड आले, आणि चिनूची छाती पुन्हा वाजू लागली. ओलीच्या धास्तीने आम्ही कूलरसुद्धा घेतला नव्हता हो! मी तिची खाट पुढच्या खोलीत हलवली. दुसऱ्या दिवशी मागची भिंत कोरडी राहिली आणि रस्त्याकडची भिजली. समोरचे शेजारी बघत होते, भर उन्हात, आणि भिंतीपाशी कोणीच नव्हतं.

गणपत मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"साहेब, हे लीकेज नाही. तराई हाय." नव्या सिमेंटवर रोज पाणी मारतात, त्याला आमच्याकडे तराई म्हणतात.

"आता कोण करून राहिलं तराई?"

"चौकीदाराची बायको करे. घर बांधून होईस्तोर थे लोकं इथंच राहत. मांगच्या उन्हाळ्यात तिच्या लेकराले लू लागली. खोली थंडी राहावं म्हणून दिवसभर भिंतीवर पाणी मारे बिचारी. लेकरू काही वाचलं नाही, तरी थे पाणी मारतच राहे. पंधरा दिवसांत थे बी गेली."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी भिंतीचं इचारलं, साहेब. मानसाचं कुठं इचारलं?"

मला राग आला, आणि लाजही वाटली. सुमन, माझी बायको, दारात उभी राहून ऐकत होती. चार वाजता आवाज सुरू झाला तशी ती धापा टाकणाऱ्या चिनूला कडेवर घेऊन बाहेर गेली. मी अडवलं, पण तिने ऐकलं नाही. ओल्या भिंतीपुढे उभी राहून ती म्हणाली, "बाई, पुरे कर वं. इचे हाल होऊन राहिले या पाण्यानं. हे माही पोरगी आहे. तुयं लेकरू गेलं, बाई... मांगच्याच साली गेलं."

आवाज थांबला. मग डबा जमिनीवर ठेवल्यासारखा टण्ण झाला. बस्स, एवढंच.

त्यानंतर ती भिंत पुन्हा कधी भिजली नाही. चिनूही आठवडाभरात बरी झाली. खात्यातल्या दोन इंजिनिअरांना मी घर दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही.

सुमन मात्र त्या संध्याकाळी जेवली नाही. मी म्हटलं, "अवं, आता कायले रडतं? पोरगी तर सुटली ना." ती म्हणाली, "तिले कोणी सांगितलंच नसंन हो इतके दिवस. मले सांगा लागलं."