पाववाल्याच्या सायकलवरून पेपरला

मी वाळूवर सायकल चालवली आहे, असे एकदा कॉलेजात सांगितले तर मैत्रिणी हसल्या. वाळूत चाक रुतते हे मलाही माहीत आहे. पण ती सायकल आमच्या पाववाल्याची होती आणि तिचे टायर साध्या सायकलच्या दुप्पट जाड होते. ते त्याने कुठून मिळवले होते, हे मी कधी विचारले नाही.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षे झाली असतील. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे पेपरला उशीर झाला तर काय होते, हे विचारायलाही घरात कोणी नव्हते. एक मिनिट उशीर म्हणजे वर्ष गेले, असे मी धरून चालले होते. नेमकी परीक्षेच्या तोंडावर रस्त्यातली मोरी खचली आणि एसटी गावात यायची थांबली. सातची गाडी आता किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, फाट्यावर पकडायची होती. वाळूतून चालत दीड तास. आई म्हणाली, कंदील घेऊन मी सोबत येते. पण मग काजूच्या कारखान्यातली तिची आठची हजेरी चुकली असती. आणि पेपर एक नव्हता, ओळीने पाच होते.

पाववाला रोज सहाच्या सुमाराला भोंगा वाजवत फाट्याकडून यायचा. सायकल आमच्या माडाला टेकवायचा आणि टोपली डोक्यावर घेऊन वाडीत फिरायचा. आईने त्याला आमची अडचण सांगितली. तो म्हणाला, सायकल घेऊन जाऊ दे तिला, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ठेवू दे, मी मागून चालत जाईन. मला सायकल येत नाही, हे सांगायला मी लाजले. आईने सांगून टाकले. त्यावर तो म्हणाला की चार दिवस आहेत ना.

पहिल्या दिवशी आपणही काही करावे म्हणून मी शेजाऱ्यांचा पंप आणून चाकांत टणक हवा भरून ठेवली. चाके ताबडतोब रुतली. पाववाला वाडीतून परत आला, त्याने वाकून दोन्ही चाकांतली हवा फुस्स करून सोडली. "होडयेचा पोट रुंद कित्याक असता?" तो म्हणाला. "तसाच ह्या." खरेच, हवा कमी झाल्यावर चाक वाळूवर पसरले आणि चालू लागले.

रोज तो वाडीत पाव विकेपर्यंत आमचा सराव चाले. सायकल पुरुषांची, मध्ये दांडा, माझे पाय जेमतेम पोचत. आई मला धरून वर बसवायची, ढकलायची आणि लुगडे खोचून मागून धावायची. चार दिवसांत मी तोल सांभाळायला शिकले. उतरायलाही शिकले, म्हणजे सायकल सुक्या वाळूत घालायची आणि आडवे व्हायचे. लागत नसे. चढणे मात्र शेवटपर्यंत जमले नाही. एकदा उतरले की कोणीतरी बसवावे लागे.

पहिल्या पेपरच्या दिवशी अवस होती, म्हणजे पहाटे सुकती. समुद्र लांब गेला होता आणि ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी पडली होती. पाववाल्याने एकच ताकीद दिली. "भोंगो वाजव नको हां. लोकांका वाटतला पाव इले." आईने ढकलले. थोडा वेळ तिच्या पावलांचा आवाज येत राहिला, मग नुसता टायरचा.

इतके छान मला क्वचितच वाटले असेल. वारा पाठीमागून होता. चाकांसमोरून कुर्ल्या पळत होत्या. पाठ केलेली उत्तरे मी मोठ्याने म्हणत होते.

अर्ध्या वाटेवर रापण लागली, किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. पाण्यापासून माडांपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर ताणलेला दोर, आणि तो ओढणारी तीस-चाळीस माणसे. खालून जाता येईना, वळसा घालायला जागा नाही. थांबले तर चढता येणार नाही. मी घाबरून भोंगा दाबला.

सगळ्या माना वळल्या. दोर धरलेल्यांना हलता येत नव्हते, पण मासळीसाठी पाट्या घेऊन बसलेल्या बायका उठून माझ्याकडे आल्या. मी सुक्या वाळूत आडवी झाले.

"पाव खंय आसत?" एकीने विचारले.

"पाव नाय," मी म्हणाले. "माजो पेपर आसा."

मग मी सगळे सांगितले, चढता येत नाही हेसुद्धा. एक म्हातारी म्हणाली, चालवता येते आणि चढता येत नाही, हे कॉलेजात शिकवतात वाटते. हशा झाला. पण तोवर दोघींनी सायकल उभी केली होती. दोर धरलेल्यांतला एक जण ओरडला, "चेडवाक बसवा गो वर!" आणि चार-पाच जणांनी पाय देऊन दोर वाळूत दाबला. बायकांनी मला बसवले आणि होडी पाण्यात लोटताना देतात तशी आरोळी देऊन ढकलले. आईपेक्षा जोरात.

फाट्याजवळच्या वाळूत मी पडले तेव्हा गाडी अजून यायची होती.

संध्याकाळी आई कारखान्यातून आली. तिची हजेरी लागली होती. पेपर कसा गेला, हे तिने विचारले नाही. ती दिवसभर दुसऱ्याच काळजीत असावी. वाटेत रापण असते, हे मला ढकलल्यावर तिला आठवले होते.

"मगे वर कोणी बसयल्यान तुका?" तिने विचारले.

मी सांगितले. ती एवढी हसली की तिला खाली बसावे लागले.

दुसऱ्या दिवशी पाववाला कुरकुरत आला. रापणीवाल्यांनी त्याला परतताना अडवून पाव मागितले होते. त्याने सायकलला एक पिशवी बांधली आणि म्हणाला की आता तूच पोचव. उरलेल्या चारही पेपरांना मी रापणीपर्यंत पाव नेले. लांबूनच भोंगा वाजवायचा, सुक्या वाळूत पडायचे, पिशवी द्यायची. बसवायला त्या बायका तयारच असत.