दत्ताच्या वहीतलं शेवटचं घर

फोन आला तेव्हा मी परतूरच्या मोंढ्यात एका वजनकाट्याच्या कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. सुनंदा वहिनींचा नंबर. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. यावर माणसाने काय विचारावं? मी विचारलं, "लॅपटॉप घरीच आहे का?" ... त्या माऊलीने "हो, कपाटावर आहे" असं सांगितलंसुद्धा. मग मी काट्याची पावती छापून दाखवली, मालकाला "बराबर आहे ना?" विचारलं आणि जालन्याची गाडी धरली. या गोष्टीला पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. येईल तेव्हा येईल.

दत्ता टेंभुर्णीचा. वडिलांची मेंढरं होती, पुढे ती विकून त्यांनी शेती धरली. आम्ही दोघं पॉलिटेक्निकला एका बाकावर बसलो आणि नंतर पंधरा वर्षं जालन्यात एका जिन्याखालच्या खोलीत सॉफ्टवेअरचा धंदा केला. वजनकाटे, जिनिंग, माती तपासायच्या प्रयोगशाळा अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांचे कॉम्प्युटर जुने आणि मंद, म्हणून आम्ही 'सी' भाषेत लिहायचो. गोड बोलून काम आणायचं मी आणि बारीक काम करायचं त्याने, असं न ठरवता ठरलेलं होतं. बारीक म्हणजे किती, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाइलला पत्ता असतो. या फोल्डरमध्ये ते फोल्डर, त्यात ती फाइल, मध्ये तिरक्या रेघा. हे पत्ते जोडायला, तोडायला, साफ करायला दत्ताने चार-पाच छोटी फंक्शनं लिहिली होती. पत्ता जोडणारं 'जोड', शेवटचं नाव वेगळं काढणारं 'तोड', नावामागचं टिंब आणि तीन अक्षरं देणारं 'शेपूट'. एवढ्याशा कामावर त्याने जेवढा जीव लावला, तेवढा आम्ही लोक घर बांधताना लावत नाही. मी त्याला "शेपूटवाले" म्हणून चिडवायचो. तो चिडायचा नाही, हीच अडचण होती.

'सी'मध्ये तुम्ही अक्षरांना मोजून जागा द्यायची असते. मजकूर जास्त झाला तर भाषा स्वतःहून काही बोलत नाही, तो बाहेर सांडत राहतो. म्हणून दत्ताचं 'जोड' आधी जागा मोजायचं, आणि पत्ता मावत नसेल तर काम थांबवून तसं सांगायचं. "आमचे दादा मेंढरं कोंडायच्या आधी जाळीच्या आत किती मावतेत ते बघायचे, मंग हाकायचे," तो म्हणायचा. "तू आधी हाकून राह्यला." त्याच्याकडे शाळेतल्या पोरांची असते तशी चौकटीची वही होती. प्रत्येक पत्ता तो आधी तिच्यात मांडायचा, एका घरात एक खूण. मराठी अक्षराला तीन घरं लागतात, काना-मात्रेलाही वेगळी तीन, हे मला त्या वहीतच कळलं. आणि ओळीतलं शेवटचं घर तो कायम मोकळं सोडायचा. पत्ता इथं संपला, हे कॉम्प्युटरला कळायला एक रिकामी जागा लागते. इतकी सवय झाली होती की किराण्याची यादी लिहितानाही शेवटचं घर मोकळं. वहीचा दुसरा नियम असा, की चालू प्रोग्रॅममध्ये ज्याने बदल केला त्याने तारीख घालून आपल्या नावानिशी नोंद करायची. मी कंटाळा करायचो. तो नाही.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेला आम्ही प्रोग्रॅम दिला होता. प्रत्येक गावाचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या मातीचा अहवाल. पत्त्याला चौसष्ट घरं भरपूर झाली, असं मीच ठरवलेलं, इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून. मग प्रयोगशाळेच्या साहेबांनी नावं मराठीत मागितली. दत्ता म्हणाला, "जागा वाढवावी लागंल. भाच्याचं जावळ हाये, टेंभुर्णीहून आलो की बघतो. तवर हात लावू नको." तो गेला आणि त्याच दिवशी साहेबांना प्रोग्रॅम बघायचा होता. परतूरचे अहवाल झकास उघडले. कुंभार पिंपळगाव टाकलं की 'पत्ता मावत नाही' म्हणून सगळं थांबायचं. साहेब घड्याळ बघत होते. मी 'जोड'मधली ती तपासणी काढून टाकली आणि जेवढं मावेल तेवढंच घ्यायला लावलं. दोन ओळींचं काम. प्रोग्रॅम चालला, साहेब खूश झाले. दत्ता आल्यावर सांगू म्हटलं, आणि राहून गेलं. वहीतही लिहिलं नाही.

झालं असं, की कुंभार पिंपळगाव या लांबलचक नावाने बहुतेक घरं खाल्ली आणि शेतकऱ्याच्या नावाला एका अक्षराची जागा उरली. रामेश्वर, रंगनाथ, रुक्मिणबाई, सगळे नुसते 'र'. एकाचा अहवाल दुसऱ्यावर लिहिला जायचा आणि शेवटी आलेला तेवढा टिकायचा. कुठे लाल अक्षरं नाहीत, काही नाही. एका रुक्मिणबाईंनी कागद वाचून घेतला आणि तडक प्रयोगशाळेत आल्या. "माझं काळंभोर रान हाये. ह्यात मुरमाड लिव्हलंय. ही माती माझी न्हाई," म्हणाल्या. साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं, हे कोणाचं काम. मी खाली फरशीकडे बघत होतो. दत्ता म्हणाला, "माझ्या फंक्शनमधी चूक झाली, साहेब. मी निस्तरतो."

त्या उन्हाळ्यात आम्ही कुंभार पिंपळगावला शेतोशेत फिरून माती पुन्हा गोळा केली. तो खड्डे घ्यायचा, मी पिशव्या धरायचो. एका बांधावर बसून भाकरी खाताना मी म्हणालो, "दत्ता, एक सांगायचं होतं..." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "आधी पिशवीवर नाव लिही," म्हणाला, "पुरं लिही." मी लिहिलं. मग बोलायची हिंमत झाली नाही, आणि पुढे सहा वर्षं झाली नाही. त्याला खरंच स्वतःची चूक वाटते, असं मी धरून चाललो. धरून चालायला सोपं होतं ते. शरम वाटायची, पण धंद्यात रोज शेजारी बसून शरमेचीही सवय होते.

तेराव्यानंतर वहिनींनी वही माझ्या हातात दिली. "ह्यातलं मला काय कळत न्हाई भाऊजी, तुम्हीच ठेवा." मी खोलीवर आणून उघडली. त्या महिन्याचं पान सापडलं. साहेब प्रोग्रॅम बघून गेले त्या दिवसाची तारीख, आणि दत्ताच्या अक्षरात एका घरात एक अक्षर अशी नोंद. 'जोड'मधली तपासणी काढली, दत्ता. मी तारीख पुन्हा बघितली. मग वहिनींना फोन लावला. भाच्याचं जावळ कधी होतं, विचारलं. त्यांनी तीच तारीख सांगितली. "दिवसभर टेंभुर्णीतच होते. मामाच्या मांडीवर बसवूनच केस काढतेत ना, ह्यांच्याच मांडीवर होतं लेकरू. कामून विचारून राह्यलात?" सहज, म्हणालो.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. बांधावर बसला होता तेव्हाही ठाऊक होतं. रोज सकाळी मला अर्धा चहा ओतून देताना ठाऊक होतं.

त्याच ओळीत त्याचं नाव खोडून माझं लिहावं म्हणून मी पेन उघडलं. खोडायला हात होईना, म्हणून शेजारी लिहायला जागा बघितली. जागा नव्हती. वहीतल्या बाकी सगळ्या ओळींना शेवटचं घर मोकळं आहे, किराण्याच्या यादीलासुद्धा. या एका ओळीत त्याने नावापुढे रेघ ओढत ओढत शेवटच्या घरापर्यंत नेली आहे. पार कडेपर्यंत. मी पेनाला टोपण लावलं.

वहीत जागा नाही, म्हणून नोंद इथे करतो. 'जोड'मधली तपासणी काढली, प्रकाश.