काठोकाठ भरलेलं तेल

सत्तरच्या दशकात सांगलीत माझं गॅरेज होतं. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण त्या दिवशी माझ्याहून तापट माणूस दारात आला. कवठे महांकाळकडचा ट्रकमालक, फौजेतून पेन्शनीत आलेला. ट्रक उभा राहतो न राहतो तोच त्यानं आपल्या ड्रायव्हरला कॉलर धरून केबिनमधून खाली ओढलं आणि जुन्या फॅनबेल्टनं बडवायला सुरुवात केली.

"मिस्त्री, इंजिन नवंकोरं बांधलंय. तरी तेल कमी हुतंय. ह्यो चोर इकतोय!"

"आधी बघू तरी द्या," मी ओरडलो. ट्रक चालूच होता आणि मागून निळा धूर निघत होता. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, हे आमच्या धंद्यात उघड्या डोळ्यांनी कळतं. कुठे गळतंय का, म्हणून मी इंजिन बंद करून गाडीखाली शिरलो. गळती नव्हती.

वरून ड्रायव्हरचा आवाज आला, "आवं मालक, धूर निळा हाय. तेल जळतंय. म्या शिवलो न्हाई."

"उलट बोलतोस व्हय रं? हातच मोडतो तुजा!"

मग लोखंडाचा आवाज झाला आणि किंकाळी. बाहेर येऊन बघतो तर मालकाच्या हातात जॅकचा दांडा आणि ड्रायव्हरचं उजवं मनगट लोंबकळलेलं. माझं डोकं फिरलं. मी दांडा हिसकावला, मालकाच्या मुस्काटात भडकावली आणि मानगूट धरून त्याला इंजिनवर वाकवलं. तेल मोजायची पट्टी उपसून त्याच्या डोळ्यांपुढं धरली. तेल वरच्या खुणेच्याही पार वर चढलेलं.

"हे कुणी भरलं?"

"म्या. कालच अमावस्या झाली. दर अमावस्येला गाडीची पूजा झाली की माज्या हातानं काठोकाठ भरतो. लक्षुमीला अर्धपोटी कशी ठिवायची? पन दोन दिसांत तेल ह्या खुणंवर येतंय!"

येणारच. जास्तीचं तेल आत घुसळलं जातं, वर उडतं, जळतं, आणि खुणेपर्यंत आलं की जळायचं थांबतं. पंगतीत पाहुण्याला आग्रह करावा तसं हा इंजिनला वाढत होता आणि इंजिनानं ओकलेलं तेल ड्रायव्हरच्या नावावर मांडत होता. हे मी त्याला शिव्यांसकट समजावलं. तो मटकन खाली बसला.

जास्तीचं तेल मी खालून सोडलं आणि ते निथळेपर्यंत ड्रायव्हरच्या हाताला फळकुटं बांधली. मग त्याच ट्रकमधून त्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला निघालो. मी चालवत होतो, मध्ये ड्रायव्हर, कडेला मालक. विश्रामबाग मागं पडलं तसा ड्रायव्हर वाकून आरशात बघायला लागला.

"धूर गेला बगा," तो म्हणाला. घामानं थबथबलेल्या त्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मला गलबलून आलं आणि मालकाला चालत्या गाडीतून ढकलून द्यावंसंही वाटलं.

मालक हात जोडून रडत होता. मला त्याची जराही दया आली नाही. ड्रायव्हरनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं, "मालक, आता दुसरा डायवर बगा. आन् तेल त्येच्या हातानं भरू द्या."