महादू परबाची जवाबी तार

महादू परबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. मालवणच्या हायस्कुलात नोकरी लागल्यावर मथुराने, म्हणजे त्याच्या बहिणीने, ते आणलं, तेव्हा कळलं की महादू उठतो ती वेळ चारची.

उठला की आधी टिकावाला धार. मग माईच्या हातची पेज आणि फोडीचं लोणचं. उजाडायच्या आत तो सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, भाई सामंतांच्या चिरेखाणीत. दुपारी ऊन डोक्यावर येईपर्यंत बारा चिरे काढायचे आणि तासायचे. बारा म्हणजे बारा. अकरा झाले तर तो जेवायला बसत नसे. प्रत्येक चिऱ्याच्या चारही कोनांना काटकोनी गुण्या लावून बघायचा. एक कोन चुकला तर तो चिरा कुंपणाच्या गडग्याला टाकायचा, मोजायचा नाही. मालवणातले गवंडी गाडीवानाला आधी विचारत, "महादूचे आसत मा?"

पावसाळ्यात खाण तुडुंब भरायची. जूनपासून दसऱ्यापर्यंत सड्यावर काम नाही. दोन कुणग्यांची भातशेती आठवड्यात आटपायची. तरी महादू चारलाच उठायचा आणि हातांचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही. सुंभ वळ, वळलेला उसव, परत वळ.

त्याच वेळी ओटीवर कंदील लागायचा. मथुरा वाचायला बसायची. कोल्हापुरास मामाकडे राहून ती बी.ए. झाली होती. वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचं तर एम.ए. व्हा, असं शाळेने तिला सांगितलं होतं. त्यासाठी दोन वर्षं दिली होती. तेवढ्यात झालं नाही तर जागा दुसऱ्याला. शाळा सांभाळून बाहेरून परीक्षेला बसायची परवानगी विद्यापीठाने दिली होती. वाङ्मय इंग्रजी. नाटकं, कविता, कादंबऱ्या.

गोष्टी वाचणं हे काम असतं, हे महादूला आधी पटलं नव्हतं. त्याने तिच्यावर लक्ष ठेवलं. १९५८ च्या जूनमधली गोष्ट.

"एकच पान तिसऱ्यांदा वाचतंस गो. पाठ कित्याक होत नाय?"

"पाठ करूचा नाय, दादा. समजूक होया."

"मगे समजत कित्याक नाय?"

"तू एक चिरो कितीदा गुण्याक लावतंस?"

"चारय कोनांक."

"मगे? माझे दोन कोन जुळले. दोन रवले."

 दुसऱ्या दिवसापासून ती वाचत असताना महादू सुंभ वळायला ओटीवर बसेना. त्याचा करकर आवाज व्हायचा.

विद्यापीठाकडची कामं मुंबईला श्रीपाद करायचा. श्रीपाद त्यांचा आतेभाऊ, गिरगावात राहायचा. परीक्षेला कोणती पुस्तकं लावली आहेत त्याचं छापील चोपडं दरवर्षी निघे. तेही तोच आणायचा. आदल्या वर्षीच्या जुलैत त्याने एका नाटकाचं पुस्तक पोस्टाने पाठवलं होतं. ते भिजून आलं. पानं एकमेकांना चिकटलेली. मथुराने ती एकेक करून सोडवली आणि चुलीवर टांगलेल्या उतवात सुकवली. त्या नाटकाला शेवटपर्यंत धुराचा वास येत राहिला. तेव्हा महादूने श्रीपादला बजावून लिहिलं, की यापुढे पावसात काही पोस्टात टाकू नकोस. चतुर्थीला कोणी ना कोणी गावी येतोच, त्याच्या हाती दे. गावाकडे वस्तू अशीच यायची. हातातली वस्तू भिजत नाही आणि हरवत नाही, असं सगळेच मानत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावातलाच धोंडू गावडे मुंबईहून आला. कोल्हापूरवरून एस.टी.ने, दोन दिवस अंग आंबवून. त्याने गाठोडं ओटीवर ठेवलं. आत माईला लुगडं होतं, गणपतीला कंठी होती, अगरबत्त्या होत्या आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं एक चोपडं होतं.

मथुराने चोपडं उघडलं. उभ्यानेच वाचलं. मग ती खाली बसली आणि परत वाचू लागली. महादू तिच्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा तिने त्याच पानावर बोट ठेवलं तेव्हा त्याने विचारलं, "काय गो?"

"पुस्तकां बदलली."

"खंयची?"

"तीन. पावसात वाचलंय तीच तीन."

चोपड्यासोबत श्रीपादची चिठ्ठी होती. मथुराने ती मोठ्याने वाचली. 'हे जूनच्या बारा तारखेसच हाती आले. पोस्टाने पाठवू नये अशी महादूची सक्त ताकीद असल्याने जपून ठेवले आहे.'

माई मोदकांना नारळ फोडत होती, तिचा कोयता थांबला. धोंडू चहा न घेता उठला.

"तीन म्हयने," मथुरा म्हणाली.

"माका वाटला कोरडा येयत."

"कोरडा इला खरा," ती म्हणाली आणि आत जाऊन नारळ खवू लागली. खवता खवता करवंटीचा काळा भुसा खोबऱ्यात उतरला तरी तिचा हात थांबेना. माईने तिच्या हातातली नारळाची वाटी काढून घेतली.

परीक्षा एप्रिलात होती. नवी तीन पुस्तकं मुंबईहून विकत आणायची होती. त्यातली कादंबरी सातशे पानांची. मथुराचा पगार घरात आणि परीक्षेच्या फीत गेलेला. महादूची मजुरी दसऱ्याशिवाय सुरू होणार नव्हती. महादू आरतीला उभा राहिला, पण टाळ त्याने चुकीच्या ठिकाणी वाजवले. दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला. तळ्यावरून तो ओल्या कपड्यांनीच भाई सामंतांच्या घरी गेला.

"भाईनू, खाण उघडतंय."

भाई सुपारी कातरत होते. "खुळावलंस काय रे? पाऊस खंय गेलो अजून? आज पाणी काढतलंस, उद्या परत भरतली."

"भरली तर परत काढतलंय."

"पाणी काढूची मजुरी मी देवचंय नाय, सांगान ठेवतंय."

"मागितली कोणी? चिरे काढतलंय त्याची द्या. पण रोजच्या रोज द्या."

"आणि तुझ्या भैणीक ता इंग्रजी वाचून काय गावतला रे? गोऱ्यांचा राज्य गेला, आता शिकता!"

"ता माका कळत नाय. पुस्तकां बदललेली ती माझ्यामुळा उशिरा कळली. एवढाच माका कळता."

भाईंनी सुपारी तोंडात टाकली आणि हात हलवला. जा.

महादूने सगळ्यांत लहान खाण धरली. वीस फूट लांब, दहा रुंद, पाणी छातीच्या वर. घासलेटचा रिकामा डबा, त्याला दोरी. पावसाळाभर वळलेला सुंभ इथे कामी आला. दिवसाला अडीचशे डबे हे त्याने ठरवलं. अर्धा भरलेला डबा तो मोजत नसे. पाचव्या दिवशी पाणी गुडघ्याला आलं. त्या रात्री पाऊस कोसळला आणि सकाळी पाणी परत कमरेच्या वर.  मग महादूने आधी करायचं ते काम केलं. खाणीच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घातला, सड्यावरचं पाणी बाजूला वळवलं. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, म्हणून स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि डबा सोडला.

वाटेने जाणारे थांबायचे. "महादू, मासे गावतत काय रे?"

"गावले तर तुका धाडतंय," तो म्हणायचा. डबा थांबत नसे.

मथुरा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. चोपड्यातली न बदललेली पुस्तकं ती वाचत होती. बाराव्या दिवशी शाळेतून परतताना ती वाट वाकडी करून सड्यावर आली. खाणीचा तळ दिसत होता, लाल चिखल. महादू वर येऊन बसला. दोरीने तळहात सोलले होते.

तिने छत्री मिटली. "हात दाखय."

"काय नाय झाला."

"दाखय म्हणतंय मा!" तिने बघितले. "उद्या तेल लाव. आणि सांजच्याक लवकर ये, माई वाट बघत बसता." त्या दिवशी दोघं बरोबर घरी गेली.

दसऱ्याला बाकीचे कामगार आले तेव्हा महादूचे अडीचशे चिरे रचून तयार होते. श्रीपादला मनीऑर्डर त्याच्या आधीच गेली होती. सोबत महादूने चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'पुस्तकं मेणकापडात शिवून रजिस्टर पोस्टाने पाठवणे. कोणाच्या हाती देऊ नये.' पुस्तकं कोरडी आली. मथुराने शिवण कात्रीने कापली, मेणकापड घडी करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चारला कंदील लावला. साडेपाच महिने कंदील एकही दिवस चुकला नाही. तिला ताप होता तेव्हाही नाही.

एप्रिलात ती बोटीने मुंबईला गेली. पहिल्या पेपरच्या दिवशी महादूचे अकराच चिरे झाले. तो तसाच जेवायला बसला.

मग जून आला, खाण परत भरली. निकाल मुंबईच्या वर्तमानपत्रात येणार होता.

"तुका कसो कळतलो?" महादूने विचारलं.

"श्रीपाद पेपर कापून ठेवतलो." मथुरा हसली. "चतुर्थीक कोणाच्या तरी हाती धाडीत."

महादू हसला नाही. तो उठला, फाटकं इरलं डोक्यावर घेतलं आणि पावसातून मालवणच्या पोस्टात गेला. तारेच्या खिडकीवरच्या मास्तरांनी त्याचा अवतार बघून आवाज हळू केला. "कोण वारलं?"

"कोण नाही. बहिणीचा एम.ए.चा निकाल विचारायचा आहे. आणि मुंबईच्या भावाने तो तारेनेच सांगायला हवा."

"मग जवाबी तार करा. उत्तराचे पैसेही इथेच भरावे लागतील."

"भरतो."

चार दिवस त्याने सुंभ वळला आणि उसवला. पाचव्या दिवशी तारवाला कुंपणाच्या बेड्यातून आत शिरला. त्याच्या हातातली तार बघून माईने छाती पिटायला सुरुवात केली. तार कशासाठी येते ते तिला माहीत होतं. मथुराने पाकीट फाडलं.

"माई, गप रव गो! कोण मेला नाय. पास झालंय. सेकंड क्लास."

महादूने कागद हातात घेतला, उलटा करून पाठ बघितली आणि परत दिला. "चारय कोन जुळले?"

"तीन जुळले," मथुरा म्हणाली. "चौथो थोडो गेलो." पण ती रडत होती.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्याची मजुरी महादूने नव्या इरल्यासाठी बाजूला ठेवली होती. ती त्या तारेत गेली, जाणारीत आणि येणारीतही. तो पावसाळा त्याने जुन्या इरल्यावर काढला, भोकाला मथुराच्या पुस्तकांचं मेणकापड शिवून.